शाळेच्या लायब्ररीत पोरं नुसती टेकायला तरी यावीत, काय करू?

पेठेतली मॅडम

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका अनुदानित शाळेत मी मराठी शिकवते, पाचवी ते दहावी, आणि यंदा जूनपासून ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडं आलाय. आमच्याकडं ग्रंथपाल नाहीत त्यामुळं हा चार्ज दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतो, पण यावेळी मी तो मागून घेतलाय.

खोली तशी बरी आहे. पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून, दोन मोठ्या खिडक्या, एका खिडकीतनं अख्खं मैदान दिसतं. आठ लोखंडी कपाटं, मधे एक लांबच्या लांब टेबल, दोन्हीकडं बाकडी, आणि दारातनं आत आलं की समोरच लाल अक्षरात 'शांतता राखा'. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एका कोपऱ्यात छतापर्यंत रचलेले होते, ते शिपाईमामांना सोबत घेऊन दोन शनिवारात हलवले, खिडक्या उघडल्या, जाळ्या काढल्या आणि मधल्या सुट्टीत लायब्ररी उघडी ठेवायला लागले. पहिल्या दिवशी सातवीची चार-पाच पोरं दारात आली आणि आत न येताच विचारतात कशी, "मॅडम, काय काम हाय काय?" म्हणजे लायब्ररीत यायचं ते कुणीतरी बोलावलं तर, नाहीतर शिक्षा म्हणून, असंच त्यांच्या डोक्यात बसलंय. मला त्या रात्री झोप लागली नाही खरं सांगायचं तर.

आता दुसरी गोष्ट सांगते. त्याच जिन्यावर रोज वीसेक मुली बसलेल्या असतात, डबा खाऊन झाला की बेल होईपर्यंत तिथंच, पायऱ्या थंडगार, पावसात तर वरनं शिंतोडे येतात तरी हलत नाहीत, एकमेकींच्या वेण्या घालत, गप्पा मारत. लायब्ररीचं दार तिथनं दहा पावलांवर. मला त्या मुली आत हव्यात. पहिल्या दिवशी पुस्तक हातात घेतलंच पाहिजे असं माझं काही म्हणणं नाही, पण शाळेतली एक खोली अशी असावी की जिथं बसावंसं वाटतं. एवढंच डोक्यात आहे.

सर (मुख्याध्यापक) विरोधात नाहीत, पण त्यांच्या दोनच अटी, गोंगाट नको आणि पुस्तकं हरवायला नकोत. पैसे जवळजवळ नाहीत, आणि पालकांकडं वर्गणी मला मागायची नाही. कुणी असं केलंय का? बोलू द्यावं का लायब्ररीत? कुठनं सुरुवात करू?

तांबडी माती

मॅडम मी शिवाजी पेठेत वाढलेला, शाळेत असताना लायब्ररीत एकदाच गेलोय ते पण बक्षीस समारंभाच्या खुर्च्या काढायला, त्यामुळं लायब्ररीतलं मला काही कळत नाही पण पोरं कुठं थांबतात हे कळतं.

बघा, आपल्याकडं प्रत्येक पेठेत तालीम आहे. आता व्यायाम करणारी पोरं त्यात किती आणि नुसती कट्ट्यावर बसणारी किती? बसणारीच जास्त. पण ती का बसतात, तर तिथं गेलं की वस्ताद किंवा कोणतरी मोठा नावानं हाक मारतो, 'काय रे आज उशीर' म्हणतो, आणि तिथली काहीतरी जबाबदारी आपल्याकडं असते, पाणी मारायचं, माती उकरायची, गणपतीत मांडव घालायचा. असं बसता बसता त्यातली चार पोरं हळूच मातीत उतरतात. आधी बसणं आणि मग उतरणं, उलटं कधी होत नाही. तुमच्या लायब्ररीत पण तेच होणार बघा.

दुसरं म्हणजे पोरांना ज्याचं वेड आहे ते आत आणा. कोल्हापुरातल्या पोराला फुटबॉल सोडून काही दिसत नाही. शाहू स्टेडियमवर मॅचेस सुरू झाल्या की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. रोजचा पेपर लायब्ररीत येत असेल तर खेळाचं पान कात्री लावून त्यांनाच कापू द्या, एक मोठी वही द्या, 'आमच्या पेठांचा फुटबॉल' म्हणून, कोण जिंकलं कुणी गोल मारला पोरांनी आपल्या हातानं लिहायचं. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं तो आपल्या राधानगरी तालुक्यातला, नेमबाज तेजस्विनी सावंत आपल्या कोल्हापूरची, ह्यांची कात्रणं लावा. वही भरायला म्हणून येईल की पोरगं, आणि आलं की बाजूला काय आहे ते बघेलच.

आणि तो लाल बोर्ड पहिला काढा. दारातच 'गप बस' म्हणणाऱ्या घरात कोण जाईल सांगा.

दाखलनोंद

मी एका शाळेत बरीच वर्षं अर्धवेळ ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. वरच्या भावांनी बोर्ड काढा म्हटलंय त्याला माझी सही, पण मॅडम, बोर्डाआधी कपाटांची कुलपं काढा.

कुलूप का असतं ते मी तुम्हाला आतनं सांगतो. वर्षाच्या शेवटी साठा पडताळणी असते, दाखलनोंदवही समोर ठेवून एकेक पुस्तक मोजायचं, आणि जे कमी भरेल त्याचं उत्तर चार्ज असणाऱ्यानं द्यायचं. एका वर्षी माझी 23 पुस्तकं कमी भरली आणि ती रक्कम मला स्वतःच्या खिशातनं भरायला लावली, अर्धवेळच्या पगारात. शाळेचं नाव घेत नाही. त्यानंतर दोन वर्षं मी एकही कपाट उघडं ठेवलं नाही. पोरगं यायचं, काचेतनं बघून म्हणायचं 'ते निळं पुस्तक द्या', मी म्हणायचो नंबर सांग. त्याला नंबर कुठला माहीत असणार, ते जायचं निघून. त्या दोन वर्षांत माझं एकही पुस्तक हरवलं नाही, आणि एकही पुस्तक वाचलं गेलं नाही. ह्याची मला अजून खंत वाटते म्हणून एवढं लिहितोय.

आम्हाला कोर्सला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे पाच सिद्धांत शिकवले होते, 1931 सालचे, त्यातला पहिलाच असा की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. पाठ होतं मला, परीक्षेत लिहिलं होतं, पण कपाट उघडताना आठवलं नाही.

तर आता कामाचं. सगळी आठ कपाटं एकदम उघडू नका, सर घाबरतील. दोन कपाटं निवडा, कथा, कोडी, प्राणी-पक्षी, चित्रांची, जुनी मासिकं असलं सगळं त्यात घाला आणि ती कायम उघडी. संदर्भग्रंथ, शब्दकोश, महागाचे संच राहू देत कुलपात. आणि सुरुवातीलाच सरांकडून लेखी घ्या की ह्या दोन कपाटांतली वर्षाला ठराविक पुस्तकं फाटली, हरवली तर ती वापरातली तूट धरून निर्लेखनाला घ्यायची, म्हणजे दाखलनोंदवहीतनं रीतसर कमी करायची. संस्थेच्या मीटिंगमध्ये ठराव करून घेतला तर अजून चांगलं. हा कागद हातात असला की तुमचा जीव टांगणीला लागत नाही आणि तुमचा जीव मोकळा असला की पोरांना ते लगेच कळतं.

सर नाही म्हणाले तर त्यांना शिक्षणहक्क कायदा 2009 ची अनुसूची दाखवा. शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींचीसुद्धा पुस्तकं असावीत असं त्यात आहे. गोष्टींची पुस्तकं म्हणून वेगळा उल्लेख आहे बरं का, तो मला फार आवडतो.

मांडणीबद्दल एक. ते लांब टेबल आणि दोन्हीकडं बाकडी ही बैठक मीटिंगची आहे, गप्पांची नव्हे. टेबल भिंतीला लावा, खिडकीखाली सतरंजी टाका. कपाटात पुस्तकं उभी लावतो आपण, तशी कणा पुढं करून, पण पोरगं कण्यावरचं नाव वाचत नाही ते चित्र बघतं, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर दहा-बारा पुस्तकं कव्हर समोर येईल अशी टेकवून ठेवा आणि दर सोमवारी बदला. नवीन काही न घेता लायब्ररी नवीन दिसते. माझ्याकडं ह्या एका गोष्टीनं देवघेव वाढली होती, शेवटच्या तीन वर्षांत, जेव्हा मी परत कुलपं काढली तेव्हा.

पेठेतली मॅडम

सर, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्यातली पण पाच कपाटं कुलपातच आहेत, मी लिहिलं नव्हतं ते वर. उद्याच सरांशी बोलते ठरावाचं.

तांबडी माती दादा, फुटबॉलच्या वहीचं मनात बसलंय.

कृष्णाकाठ

मी शिरोळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. आमची लायब्ररी भरायला कशी लागली ते सांगते, तुम्हाला उपयोग होईल का माहीत नाही पण सांगावंसं वाटतंय.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमच्या शाळेत कमरेच्या वर पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही कुलूप उघडलं तर कपाटाचं दारच निघेना, आतली पुस्तकं फुगून दाराला घट्ट बसलेली. पहारीनं काढलं. खालचे तीन कप्पे नुसता चिखल, वरचे दोन ओले. सगळं टाकून द्या म्हणाले लोक, गावात सगळ्यांच्या घराबाहेर गाद्यांचे, धान्याचे ढीग पडलेले, त्यात पुस्तकांचं कुणाला काय.

पण शाळा सुरू झाली तरी दप्तरं नाहीत, पाठ्यपुस्तकं वाहून गेलेली, शिकवायचं काय? म्हणून मी मुलांना म्हटलं चला वरच्या कप्प्यातली पुस्तकं वाळवू. आधी उन्हात मांडली, ती चूक झाली, कव्हरं पापडासारखी वळली. मग व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या, पातळ पुस्तकं कपड्यासारखी दोरीवर आणि जाड पुस्तकं फरशीवर उभी, पानं पंख्यासारखी फाकवून, आणि दर दहा-पंधरा पानांत रद्दी पेपर घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तकं मात्र वाळताना पानाला पान चिकटून वीट झाली, ती नाही वाचली. साध्या कागदाची बरीच निघाली.

आता खरी गोष्ट. रद्दी बदलायला पान उलटायचं, पान उलटताना नजर जाणारच की. दुसऱ्या दिवशी बघितलं तर चौथीतली एक मुलगी रद्दी हातात तशीच धरून वाचत बसलेली, आणि तिच्या पुस्तकाचं पुढचं पान अजून ओलं, चिकटलेलं, ते उघडता येईना. मला म्हणाली, "बाई, पुढचं वाळस्तोवर मी इथंच बसतो." तिचं बघून दुसरी बसली. आठ दिवस आमचा व्हरांडा भरलेला होता. काही जणांच्या घरात अजून चिखल होता, आईवडील पंचनाम्याच्या रांगेत, ही मुलं संध्याकाळी सहापर्यंत घरी जात नव्हती. एकमेकांना सांगायची की तुझ्या घरात किती पाणी, आमची म्हैस अशी काढली, आणि हात पानं उलटत असायचे.

त्यातली साठेक पुस्तकं अजून आहेत आमच्याकडं, डाग पडलेली, फुगलेली. नवीन पुस्तकं नंतर बरीच आली, लोकांनी भरभरून पाठवली, पण मुलं आधी ती फुगलेलीच उचलतात, 'हे मी वाळवलंय' म्हणून लहानांना दाखवतात. ती मुलगी आता दहावीला आहे तरी येऊन बघून जाते.

तर मॅडम माझं म्हणणं एवढंच की सगळं स्वतः नीटनेटकं करून मग मुलांना बोलवू नका. तुम्ही गठ्ठे शिपाईमामांबरोबर हलवलेत, ते मुलांबरोबर हलवायला हवे होते असं मला वाटतं, राग मानू नका. अजून फाटलेली पुस्तकं असतीलच की, खळ करा, खाकी कागद आणा, जिन्यावरच्या मुलींच्या हातात द्या. ज्यांना वेण्या घालता येतात त्यांना पुस्तकं शिवता येतील.

मधली सुट्टी

मी शिक्षक नाही, पालक आहे, माझा मुलगा आठवीत आहे. वरचं सगळं पटतंय पण एक बाजू राहिलीय असं वाटतं म्हणून लिहितेय.

माझा मुलगा थोडा अडखळत बोलतो. मैदानावर त्याला कुणी टीममध्ये घेत नाही, वर्गात मागं बसतो. त्याच्या शाळेत लायब्ररी उघडी असते आणि तिथं कुणी फारसं येत नाही म्हणूनच तो तिथं जातो. पाचवीपासून मधल्या सुट्टीत तो एका ठराविक खुर्चीवर बसतो, कपाटाच्या मागं, तिथनं तो कुणाला दिसत नाही. मला हे त्यानं सांगितलं नाही, तिथल्या बाईंनी सांगितलं. आता तीच लायब्ररी मेळ्यासारखी भरली, कॅरम आला, फुटबॉलवाली पोरं आली तर माझ्या मुलानं कुठं जायचं? त्याच्यासाठी ती शाळेतली एकच जागा आहे.

बंद ठेवा असं म्हणत नाहीये. पण बोलायची बाजू आणि गप बसायची बाजू अशा दोन करा. एक कपाट आडवं लावलं तरी आडोसा होतो. आणि आडोशाला बसलेल्या मुलाला 'अरे ये की सगळ्यांच्यात' म्हणून ओढू नका प्लीज. त्या बाई माझ्या मुलाला काही विचारत नव्हत्या, फक्त त्याच्या खुर्चीवर रोज एक 'किशोर'चा अंक ठेवायच्या. दोन वर्षं. सातवीत त्यानं त्यांना पहिल्यांदा स्वतःहून विचारलं की ह्याच्या पुढचा अंक आहे का.

दाखलनोंद

ताई, तुम्ही लिहिलंत ते मला सुचायला हवं होतं. माझ्याकडंही असा एकजण यायचा. कपाट आडवं लावताना पाठ मोकळी ठेवू नका मॅडम, पाठीला पताका-चित्रं काहीतरी लावा म्हणजे पलीकडं लपलंय असं वाटत नाही, नुसती दुसरी खोली वाटते.

'किशोर'चं निघालंच आहे तर, बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. पैसे नसतील तर शाळेच्या प्रिंटरवर एकेक गोष्ट काढून पुठ्ठ्यात शिवा, कृष्णाकाठ बाईंच्या पद्धतीनं, मुलांकडून.

तांबडी माती

ताई तुमच्या पोराचं वाचून गलबलून आलं. मी फुटबॉलचं लिहिलं तेव्हा हे डोक्यातच नव्हतं. तो कोपरा पाहिजेच.

पेठेतली मॅडम

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, म्हटलं काय काय झालं ते कळवावं, तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत.

ठराव झाला. वर्षाला पंधरा पुस्तकांपर्यंत तूट धरायची असं ठरलं, सरांनी स्वतः सही केली. दोनाच्या ऐवजी तीन कपाटं उघडली. आत्तापर्यंत दोन पुस्तकं गेलीत, एक परत आलं, भिजून, आणणाऱ्यानं स्वतःच रद्दी घालून वाळवून आणलं कारण मी कृष्णाकाठ बाईंची गोष्ट सातवीच्या वर्गात वाचून दाखवली होती.

बोर्ड मी काढला नाही, पोरांना काढायला लावला. आठवीच्या एकानं विचारलं की इथं आता काय लिहायचं, म्हटलं तुम्हीच ठरवा, तर चार दिवस वाद घालून त्यांनी काहीच लिहिलं नाही, फुटबॉलच्या वहीसाठी खिळा ठोकला तिथं. वही दोरीनं टांगलीय. सीझन अजून सुरू व्हायचाय पण मागच्या वर्षीचे स्कोअर आठवून आठवून भरतायत, त्यावरून भांडणं पण होतात, एकदा सर वर आले आवाज ऐकून. त्यांनी वही बघितली आणि एक स्कोअर चुकलाय म्हणाले, आणि स्वतः पेन मागून घेतलं. त्यानंतर गोंगाटाचं काही बोलले नाहीत.

आडोसा केलाय. मैदान दिसणारी खिडकी गप्पांच्या बाजूला आणि दुसरी आडोशाला. तिथं दोन खुर्च्या. कोण बसतं ते मी लिहित नाही इथं, पण बसतात.

जिन्यावरच्या मुलींचं. मी खळीचं भांडं, दाभण, दोरा आणि फाटकी पुस्तकं घेऊन एक दिवस त्यांच्याचजवळ पायरीवर जाऊन बसले, बोलावलं नाही कुणाला, आणि शिवायला लागले. मला नीट येत नव्हतं. नववीतल्या एकीनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "मॅडम इकडं आणा, तुम्ही गाठ चुकवायलाय." तिची आई शिवणकाम करते. दुसऱ्या दिवशी पायरीवर वारं होतं, कागद उडायला लागले, तर तीच म्हणाली आत बसूया की. सतरंजीवर आता रोज दहा-बाराजणी असतात. गप्पा तशाच, वेण्या पण तशाच. परवा एकजण शिवता शिवता मोठ्यानं वाचायला लागली, भुताची गोष्ट होती, निम्म्यात बेल झाली. पुस्तकाला अजून पुठ्ठा लागायचा होता म्हणून मी म्हटलं ठेव, वाळू दे. तर म्हणाली, "मॅडम, हे कुणाला देऊ नका हां, उद्या आम्ही पुढचं वाचतो."

कपाटावर ठेवलंय. वर वजन म्हणून शब्दकोश ठेवलाय.